जानूमामा, मी बाहेर उभा नव्हतो

जानूमामा,

बेळगावच्या साप्ताहिकाकडून मला पत्र आलं आहे. तुझ्यावर चार शब्द लिहून पाठवा, असं संपादक म्हणतात. वाचकांना तू आठवतोस म्हणे. दसऱ्याच्या अंकात माझा 'कॅसलरॉकच्या खाणावळी' हा लेख त्यांनी छापला होता, त्यातला गँगमन मामा पुष्कळांना आवडला होता. तो हिवतापाने गेला असं मी कळवलं, तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं.

मी धारवाडला खोलीत बसून हे लिहितो आहे. तुला जाऊन अजून महिना झाला नाही. वाचकांना काय सांगावं हे मला कळत नाही, म्हणून तुलाच सांगतो. त्यांना आवडला तो मामा तू नव्हतास. तो मी केला होता.

सुरुवात उन्हाळ्याच्या सुटीत झाली. गोव्याकडून येणारी गाडी कॅसलरॉकला खूप वेळ थांबते. तिथून इंग्रजांची हद्द लागते, आणि सगळ्यांच्या ट्रंका उघडून बघतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे जकातीचे कागद मी लिहून द्यायचो. तू खाली घाटात रुळांवर असायचास. दुपारी भोंगा झाला की तू खांद्यावर हातोडा टाकून चढ चढून वर यायचास आणि मालधक्क्याच्या मागे आपण आपापली फडकी सोडायचो. सकाळी बांधलेली नाचणीची भाकरी तोवर वाळून गेलेली असायची.

वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, तुला ती सांगायची गरज नाही. आपल्या जातीत दुसऱ्याच्या चुलीवर मीठ घालून शिजवलेलं खात नाहीत. ब्राह्मणाच्या चुलीवरचंही नाही. फळ चालतं, गूळ चालतो, कोरडे पोहे चालतात. मीठ पडलं आणि आच लागली की ते अन्न परकं झालं. सुप्याच्या बाजाराला जाणारा आपला माणूस दोन दिवसांच्या भाकऱ्या बांधून निघतो आणि तिसरा दिवस लागला तर उपाशी परत येतो. शहरातल्या लोकांना याचं हसू येतं. मलाही आलं होतं, धारवाडला गेल्यावर.

त्या दिवशी माझ्या फडक्यात मुंग्या निघाल्या. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "मुंग्यांनी जेवून घेतलं की रं पंडिता. आता तू कुणाचं जेवतोस?" मग उठलास आणि मला कोंसूबाईच्या दारात नेऊन उभं केलंस.

कोंसूबाई ही गोव्याची किरिस्तांव विधवा. रेल्वेच्या लोकांसाठी तिने पत्र्याखाली चार बाकडी टाकली होती. तिने तुला नावाने हाक मारली तेव्हा मला कळलं की तू तिथे नेहमी येतोस. दगड फोडून आलेल्या माणसाच्या घशाखाली वाळकी भाकरी उतरत नाही. दोन आण्यात ऊन ऊन जेवण मिळतं म्हणून तू जात होतास. एवढंच कारण होतं. मी पुढे त्याचं काय काय केलं ते वेगळं.

तिने पाव आणि डुकराचं तांबडं कालवण पुढे ठेवलं. माझा हात हलेना. ती म्हणाली, "खा पुता. डुकर तुका चाबचो ना." शिजलेलं डुक्कर चावतंय होय, म्हणून तू इतका हसलास की तुझ्या तोंडातला पाव बाहेर आला. पहिला घास गिळल्यावर आता काहीतरी होईल असं मला वाटलं. काही झालं नाही. माडाच्या शिर्क्याचा आंबटपणा जिभेच्या कडेला लागला आणि नंतर घशात तिखट चढलं. दुसरा घास मला आवडला. हे सगळं लेखात आहे. फक्त तो घास मी तुझ्या तोंडात घातला.

निघताना तू मला तिच्या भिंतीकडे बोट दाखवलंस. तिथे दोन कप खिळ्यांना वेगळे टांगलेले होते. रानातले लोक आले की चहा त्या कपांतून. बाकीचे कप आत फळीवर. "ह्यो माझा खिळा," तू म्हणालास.

त्यानंतरचं कुणालाच माहीत नाही, म्हणून नीट लिहितो. पुढच्या आठवड्यात भटांकडे जाऊया असं मी म्हटलं. तू नको म्हणालास. "तिकडं कशाला? हितं पोट भरतंय न्हवं?" मी ऐकलं नाही. जगात माणसं किती तऱ्हांनी जेवतात ते बघायला हवं, आपण दोघं रानातच मरायचं का, असं काहीतरी मी बोललो. मला तेव्हा असं बोलायची सवय लागली होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि चल म्हणालास. म्हणजे पहिल्यांदा तू मला नेलंस हे खरं, पण पुढच्या प्रत्येक वेळी मी तुला नेलं.

भटांची खाणावळ उडुपीकडच्या ब्राह्मणाची. आपल्यासारख्यांना मागच्या छपरात पान मांडत. पाणी वरून, हाताला न लागता ओतत. सार मात्र असं की मी तीनदा मागितलं. जेवण झाल्यावर पान उचलायचं आणि बसल्या जागी शेणाचा हात फिरवायचा, तो आपणच. तू सारवता सारवता म्हणालास की एवढं काम घरी केलं असतं तर बायकोने तूप वाढलं असतं. मी लेखात साराचा वास लिहिला. शेणाचा नाही लिहिला.

मग मोपल्याचं दुकान. मलबारातून आलेला तो मुसलमान म्हातारा तांदळाच्या पातळ भाकऱ्या आणि मासळी विकायचा. त्याच्याकडे चौघे जण एका मोठ्या ताटात जेवत होते, आणि सरकून त्यांनी आपल्यालाही त्याच ताटाशी बसवलं. माझे डोळे भरून आले. तू कोपराने मला ढोसलंस. स्टेशनचा झाडूवाला दाराबाहेर चहा मागत उभा होता आणि मोपल्याचा मुलगा तो करवंटीत, लांबून, ओतत होता. मी तिकडून नजर काढून घेतली आणि ताटात घातली.

परत येताना आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होतो की माणसाच्या घरचं अन्न खाल्लं की माणूस कळतो, हळूहळू सगळे भेद असेच जातील. तू रुळांच्या मधून चालत होतास, एक पट्टी सोडून एका पट्टीवर पाय टाकत. "काय वाढलं ते लिवून ठेवतोस," तू म्हणालास, "काय वाढलं न्हाई तेबी लिव की." मी म्हटलं, तू फार वाईट बाजूच बघतोस. त्यावर तू जे म्हणालास ते मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. "मी त्यांची चूल वळखतो रं. त्यातला कोन मला वळखतो?"

 

धारवाडला वसतिगृहात मी एकटा रानातला. माझ्या आधी आपल्यातलं कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. मुलं वाईट नव्हती, पण माझं ऐकत कुणी नव्हतं. एकदा मी कॅसलरॉकच्या जेवणांचं सांगायला लागलो आणि सगळी खोली गप्प बसून ऐकू लागली. प्राध्यापक म्हणाले, लिहा. मी आठ दिवसांत लेख लिहिला. त्यात एक वाक्य आहे, ते आता मला उतरवून काढताना लाज वाटते: 'रुळांवर घाम गाळणारा हा निरक्षर वीर जातीच्या भिंती आपल्या हातोड्याने फोडीत आहे.' लेखात जेवणारा तू एकटा. मी दाराशी वही घेऊन उभा. लिहिणाऱ्याने स्वतःला मधे आणू नये, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण भीती होतं. आपलं नाव छापून येणार आणि आपण जेवलो हेही छापून येणार, हे मला नको होतं. तुझं नाव मात्र घातलं. गाव घातलं. कोणत्या गँगमध्ये आहेस ते घातलं. तुला कोण वाचायला जाणार आहे, असं मी धरून चाललो होतो.

अंक गावात आला तो शाळेच्या मास्तरांबरोबर. आपल्या पोराचं नाव छापलंय म्हणून त्यांनी सगळ्यांना देवळाच्या अंगणात बोलावलं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आधीच गूळ वाटला. मग मास्तर वाचू लागले. आप्पा सांगत होते की पहिल्या पानाला लोक माना हलवत होते, आणि डुकराच्या कालवणापाशी आल्यावर एकेक जण तोंडातला गूळ थुंकू लागला. मास्तर दुसऱ्या गावचे. त्यांना कळेना काय झालं. ते शेवटपर्यंत वाचत राहिले.

दिवाळीच्या सुटीत मी आलो तेव्हा निवाडा ठरलाच होता.

आपल्या जातीचा निवाडा करणाऱ्या म्हाताऱ्याला बुदवंत म्हणतात. त्याला वाचता येत नाही. तो देवळाच्या पायरीवर बसला होता. त्याने तुझ्या मुठीत तांदूळ दिले. तांदूळ मुठीत धरून देवासमोर बोललेला शब्द जो बोलला त्याच्याशिवाय कुणाला मागे घेता येत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

"जानू, खाल्लंस?"

"व्हय."

"डुक्कर?"

"तेबी."

कुणी तरी हसलं. बुदवंताने पुढे ताणलं नाही. नुसत्या खाण्याला उपाय आहे. तापलेलं सोनं जिभेला टेकवायचं, जातीला एक पंगत द्यायची, संध्याकाळच्या आत माणूस घरात. तुझी तयारी होती. मामीने अंगठी आणली होती. मग बुदवंत माझ्याकडे वळला. मी कुठे होतो, असं त्याने विचारलं. माझ्या मुठीत तांदूळ नव्हते, कारण आरोप माझ्यावर नव्हता. मी बाहेर उभा होतो असं मी सांगितलं. लेखात तसंच होतं.

तो पायरीवरून जरा पुढे वाकला. मग म्हणाला, "भायर हुतास, तर आंबट लागतंय ते कसं कळलं तुला?"

मामा, कॉलेजात मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. आप्पांनी माझं मनगट धरलं. माझ्या बहिणीचं, शेवंतीचं, लग्न नंदिगड्ड्याला ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर पंधरा दिवसांत. मी जेवलो म्हटलं असतं तर आमचं घर बाहेर गेलं असतं, लग्न मोडलं असतं. हे सगळं खरं आहे आणि त्या क्षणी माझ्या मनात ते होतं. पण त्याच्याही आधी माझ्या मनात माझी परीक्षा आली. आधी परीक्षा, मग शेवंती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मूठ पुढे करून बुदवंताला म्हणालास, "म्याच सांगितलं त्याला. ह्यो भायर हुता."

त्या एका वाक्याने तुझा निवाडा बदलला. स्वतः खाणं वेगळं, आणि शिकत्या पोराला त्याची गोडी लावणं वेगळं. पहिल्याला जिभेवरचं सोनं पुरतं. दुसऱ्यासाठी तुला शिमग्यापर्यंत जातीबाहेर केलं. पाणी नाही, विस्तव नाही, घरात पाऊल नाही. मामीने आणलेली अंगठी परत बोटात घातली. मी तिथेच होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. तू मला शिकवलं नव्हतंस, मीच तुला ओढत नेलं होतं. मी वर बघून झाडाची पानं बघत राहिलो.

शेवंतीचं लग्न झालं. नवरीला मांडवात आणायला मामा लागतो. तुझ्या जागी आईचा कुठला तरी लांबचा चुलतभाऊ उभा केला. त्याला शेवंतीचं नावही नीट माहीत नव्हतं. आईने त्या दिवसापासून माझ्याकडे बघून बोलणं सोडलं. ती ताट वाढते आणि भिंतीशी बोलते: भात संपत आलाय, दिवा विझलाय, ह्याला पांघरूण हवं का बघा.

तूही मला सोडलं नाहीस, हे लिहायला हवं, नाहीतर वाचक तुला पुन्हा देव करतील. लग्नानंतर मी तुला भेटायला कॅसलरॉकला आलो. गँगच्या चाळीबाहेर तू बसला होतास. माझ्या तोंडून क्षमेचा शब्द निघायच्या आत तू म्हणालास, "तू मला पेपरात वाढलंस." मग चाळीतल्या लोकांना हाक मारलीस. "या बगा, आमचं भाचं. लई शिकल्यात. ह्यांना आत बोलवू नगा, ह्यांना भायर उभं ऱ्हायची सवय हाय." सगळे हसले. तू प्रत्येक वेळी हेच केलंस. मी गाडीतून उतरलो की तू लांबून ओरडायचास, पंडित आलं, दार लावा. एकदा चार अनोळखी उतारूंसमोर बोललास. मी रडत गाडीत परत चढलो, आणि गाडी हलेपर्यंत तू खिडकीशी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होतास. तुला बरं वाटत होतं. मला ते दिसलं, आणि तुझा राग रास्त आहे हे मान्य असूनही त्या दिवशी मी तुझा द्वेष केला.

एकदाच तू सरळ बोललास. लेख तुला कुणीतरी पुरा वाचून दाखवला होता. "खिळ्यावरचा कप न्हाई लिवलास," तू म्हणालास. "मी दावला हुता की तुला." मी म्हटलं, राहून गेलं. तू मान हलवलीस. "ऱ्हाऊन न्हाई गेला. सोडलास."

मामीला पाणी भरायचं होतं आणि लेकीला, गोपीला, वाढवायचं होतं, म्हणून तिने तुला घराबाहेर ठेवलं. शेताच्या बांधावर ती तुझ्यासाठी भाकरी ठेवायची. तू घेऊन गेलास की ती जागा पाण्याने धुवायची. कुणी बघत नसलं तरी धुवायची. गोपी लांब उभी राहून तुला दिवसभराचं सांगायची, ओरडून. ती दहा वर्षांची पोर आता साधं बोलणंही ओरडूनच बोलते.

माघात तुला ताप चढला. कोंसूबाईने चार दिवस पेज पाठवली, चाळीच्या दाराशी ठेवून जायला सांगून. पाचव्या दिवशी तिने पेजेचं भांडं परत मागवलं. तू गेल्यावर मोपल्याने कफनाचं कापड दिलं आणि दुकान उघडं आहे म्हणून तो आला नाही. भटांना मी स्वतः सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळले, आणि मी पायरीवरून उतरल्यावर पायरीवर पाणी ओतलं. त्यांच्या साराबद्दल मी दीड पान लिहिलं होतं. त्यांनी ते चौकटीत लावून भिंतीवर टांगलं आहे, आणि ते आतल्या बाजूला, जिथे मला जाता येत नाही.

तुला उचलायला माणूस मिळेना. आपले कुणी येणार नव्हते. शेवटी गँगमधले दोघं आणि मामी. ती गोपीला घेऊन रान तुडवत आली होती. सगळ्यांसमोर तिने तुला अंघोळ घातली, तुझं तोंड पुसलं, आणि तिरडीचा एक कोपरा खांद्यावर घेतला. चौथा कोपरा रिकामा होता. गँगमधल्या एकाने दोन्ही हातांनी सावरला.

मी होतो. मी वीस पावलं मागून चालत होतो. तेवढं अंतर ठेवलं तर विटाळ धरत नाहीत. मी अंतर मोजत चाललो होतो, मामा. वाट वळली की थांबायचो, पुन्हा वीस पावलं होऊ द्यायचो. गोपी मागे वळून बघायची की मी येतोय का.

तुला शिवली म्हणून मामीला पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत बाहेर केलं आहे. गोपीलाही. विहीर बंद. शेताला माणूस मिळणार नाही. एक वर्ष त्या दोघींनी कसं काढायचं हे कुणी विचारलं नाही.

तेव्हा मी ठरवलं. तू मला गोडी लावलीस हा दोष खोटा ठरला, तर तुझ्यावर उरतं ते नुसतं खाणं. मग तुला बाहेर ठेवण्याचं कारणच नव्हतं, आणि मामी शिवली ती जातीतल्या माणसाला. मी जातीबाहेर गेलो की त्या दोघी आत येतील. हिशोब साधा होता. आप्पांनी पाय धरले. शेवंतीला सासरचे काय म्हणतील, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांचे हात सोडवले. आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरलो नव्हतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

शिमग्याच्या दुपारी सगळी जात देवळाच्या अंगणात जमली होती. तुझी मुदत त्याच दिवशी संपणार होती. एका बाजूला चुली पेटल्या होत्या, भाताचे हंडे उतरत होते. मामी आणि गोपी कुंपणाच्या बाहेर बसल्या होत्या. मी मधे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कोंसूबाईकडे मी खाल्लं. भटांकडे मी नेलं. मोपल्याकडे मी नेलं. मामाने मला काही शिकवलं नाही. मी बाहेर उभा नव्हतो. शेवटी मी हात पुढे केला आणि तांदूळ मागितले.

बुदवंताने तांदूळ दिले नाहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि त्याच्या तोंडावर जराही नवल दिसलं नाही. आंबट कसं कळलं असं त्याने विचारलं होतं तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. मला ते त्या दिवशी, हात पुढे करून उभा असताना समजलं.

"जानूनं तांदूळ धरून सांगितलंय, तू भायर हुतास," तो म्हणाला. "ज्यानं धरला त्यानंच सोडायचा. जा, जानूला घेऊन ये."

मागे दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, आजा, तुम्हाला ठाऊक आहे. तो म्हणाला, ठाऊक असून काय करायचं. मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने, म्हणाला की रानखात्याने कुमरीची, रान जाळून करायची शेती बंद केली आहे, डोंगरावर नाचणी पेरायची परवानगी मागायला अर्ज लागतात, बेळगाव-कारवारपर्यंत कागद न्यावे लागतात. जातीत लिहिणारा एकच आहे. "तुला भायर काढून आमी कागूद कुणाकडनं लिवून घ्यायचं? जानू गेला. त्याच्या मागं आनी किती घालवू?"

मी कुंपणाकडे बघितलं. मामीने सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावर ओरडली नाही. तिने विचारलं, "दिवाळीला तुझं त्वांड शिवलं हुतं काय रं?" उत्तराला थांबली नाही. गोपीचा हात धरला आणि रानाच्या वाटेला लागली. चुलीजवळून भाताचा वास येत होता, आणि गोपी वळून वळून हंड्यांकडे बघत होती.

हा लेख छापून येईल. मास्तर तो गावात वाचतील, या वेळी कुणी गूळ वाटणार नाही. बुदवंत म्हणेल की पोराला मामाच्या जाण्याने वेड लागलंय, आणि सगळे माना हलवतील. मला कुणी बाहेर काढणार नाही. परवाच अर्जाचे तीन कोरे कागद त्याने माझ्याकडे पाठवले आहेत.

त्या दुपारचं एवढंच राहिलं. पंगत बसली. बुदवंताने आपल्या शेजारची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. आप्पांनी खांदा दाबून मला खाली बसवलं. माझ्यापुढे पान आलं. मी उठून जाणार होतो, मामा. मामीच्या मागून रानात जाणार होतो, हे मी मनात पक्कं केलं होतं. मग भात वाढला, त्यावर कुळथाचं कळण. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. भात गरम होता. वाढणारा पुढे गेला तेव्हा मी त्याला हाक मारली आणि आणखी मागून घेतला.